बारा किलोमीटर

१२ जून

समिधाला पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. आमच्या घरात विज्ञान घेणारी ती पहिली. पेढा तोंडात घातला आणि डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर नात दचकून दोन पावले मागे झाली. हल्लीच्या मुलांना माया करून घ्यायचीसुद्धा सवय राहिलेली नाही.

आता प्रश्न एवढाच, की तिने माकुणसारहून रोज जाऊन-येऊन करायचे, की कॉलेजच्या आवारातल्या मुलींच्या हॉस्टेलात राहायचे. माझे मत स्पष्ट आहे. दारात चिकूची वाडी, मागे पानवेली, संध्याकाळी ओटीवर बसून चार ओळी मोठ्याने म्हणाव्यात. असे घर टाकून चौघीजणींच्या खोलीत लोखंडी खाटेवर निजायला कुणी का जावे?

जेवताना सूनबाईने विषय काढला. विजया बोलते कमी, पण बोलली की सरळ. "हॉस्टेलला राहिली तर अभ्यास होईल तिचा."

माझा मुलगा केदार म्हणाला, "घर काय जळलं हाय का?" आणि त्याच्या हातून ताट सुटले. ते विजयाच्या खांद्यावरून जाऊन मागच्या भिंतीला लागले. बोईसरच्या कारखान्यात आठ-आठ तास उभे राहायचे म्हणजे माणसाचे हात थकतात. समिधाने कुणी न सांगता उठून भिंतीवरचे वरण पुसून काढले. फार समंजस मुलगी आहे.

१४ जून

दुपारी विजया ओटीवर आली. हातात हॉस्टेलचा अर्ज.

"तात्या, तुमचं अक्षर चांगलं आहे. एवढा फॉर्म भरा. पालक म्हणून सहीपण तुम्हीच करा."

"केदार असताना मी कशी करू?"

"त्यांना दाखवला तर फॉर्मच राहणार नाही."

तिच्या डाव्या मनगटाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती. काय झाले विचारले, तर म्हणाली विहिरीवर घसरले. विहिरीवर जाळी टाकून सहा वर्षे झाली. ही तिथे कशाला गेली, ते विचारायचे राहिले.

मी म्हटले, "तुला मुलगी घरात का नको झाली आहे?"

तिने अर्ज माझ्या मांडीवर ठेवला. "तुम्ही घरातच असता ना तात्या. मग मला कशाला विचारता?"

मला काही उलगडा झाला नाही. मी तर बहुतेक वेळ ओटीवरच असतो. माझी पत्नी पुष्पलता अशीच कोड्यात बोलायची. शेवटची काही वर्षे तर बोलायचीच थांबली होती. तिला जाऊन अकरा वर्षे झाली.

अर्ज ठेवून घेतला. आई मागते आहे, तर भरून देतो. मुलीलाच तिथे करमणार नाही, पंधरा दिवसांत परत येईल.

१५ जून

सकाळी स्नान करून अर्ज भरायला बसलो. चाळीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना वळणदार अक्षर शिकवले. अजून हात कापत नाही. नाव, जन्मतारीख, रक्तगट. मग एक रकाना आला: निवासस्थानापासून महाविद्यालयापर्यंतचे अंतर.

लेखणी तिथेच थांबली आणि मन कुठल्या कुठे गेले.

मोटाररस्ता केळव्यावरून, माहीमवरून वळसे घेत जातो. पण खरे अंतर पायांना ठाऊक असते. आम्ही पाच मुले पालघरच्या हायस्कुलात चालत जात असू. वाडी संपली की खाजणाचा बांध, उजव्या हाताला मिठागरे, ओहोटी असली की खाडी गुडघाभर पाण्यातून. चपला हातात, दप्तर डोक्यावर, आणि तोंडात कविता. मोठी कविता पाच वेळा म्हणून झाली की माहीमची नारळीची रांग दिसायची. साडेसात मैल, असे आमचे गुरुजी सांगत. त्या वाटेवर मला वृत्ते कळली. पावलांनीच शिकवली म्हणा ना.

रकान्यात लिहिले: बारा किलोमीटर. लिहिताना डोळे भरून आले. कागदाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरात नियम होते, ते चष्म्यातूनही लागेनात. सोडून दिले.

१६ जून

समिधा स्वतःच अर्ज द्यायला जाणार होती, पण तिचा डावा गाल सुजला आहे, डोळ्याखालपर्यंत. दाढ दुखते म्हणाली. म्हणून मीच एस.टी.ने पालघरला गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने अक्षर पाहून विचारले, "मास्तर होतात काय?" दिवस सार्थकी लागला. हॉस्टेलची इमारत बाहेरून पाहिली. तिथे उंच भिंत, फाटकावर पहारेकरी. तुरुंगासारखी वाटली. समिधाला येऊन सांगितले, तर तिने विचारले, "पहारेकरी रात्री पण असतो का?"

२० जून

कॉलेजचा मेसेज केदारच्या फोनवर आला: आपल्या पाल्याचा वसतिगृहासाठीचा अर्ज मिळाला. पहिली शिफ्ट करून साडेचारला आला, बूट न काढता आत गेला. मधल्या खोलीचे दार लागले.

मी ओटीवर होतो. कानाला सवय अशी, की कुठलाही आवाज आधी लयीत बसतो. एक हलका, दोन जड. एक हलका, दोन जड. भुजंगप्रयात. हलका म्हणजे पट्टा हवेत फिरल्याचा. असे काही लिहावे का, कळत नाही. पण ही वही मी कुणाला दाखवत नाही.

मग केदारचा आवाज. "म्हण, मी घरात राहीन."

समिधा काहीतरी म्हणाली.

"ऐकू नाय आलं. परत म्हण."

ती पुन्हा म्हणाली.

"नीट म्हण. सुरुवातीपासून."

मला क्षणभर वाटले मीच आत बोलतो आहे. केदार सातवीला माझ्याच वर्गात होता. मास्तरांचा मुलगा म्हणून त्याला सवलत नव्हती, उलट दुप्पट. ओळ चुकली की एक छडी. अडखळला की सुरुवातीपासून. एकदा बेचाळीस झाल्या होत्या. सगळा वर्ग मोजत होता. पण आज पन्नाशीला आलेल्या केदारला सातवीच्या सगळ्या कविता पाठ आहेत, एक अक्षर चुकत नाही. तेव्हाचे शिकवणे ते शिकवणे.

उठावे असे दोनदा मनात आले. बाप-लेकीच्या मध्ये पडू नये, असा विचार केला. नंतर विजया कंदिलासाठी काडेपेटी शोधत बाहेर आली. वीज गेली होती. तिचा ओठ फाटलेला होता. म्हणजे मार तिलाही होता, किंवा तिलाच होता. लयीवरून माणूस ओळखता येत नाही.

२७ जून

हॉस्टेलची यादी लागली. समिधाचे नाव नाही. मुलांसारखा मनातून सुखावलो, हे कबूल करतो.

ती पालघरहून आली ती सरळ माझ्यापुढे उभी राहिली. हातात अर्जाची प्रत.

"तात्या, बारा किलोमीटर कुठून आले?"

मी तिला वाट सांगितली. बांध, मिठागरे, खाडी, माहीमची नारळीची रांग. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"पंधरा किलोमीटरच्या आतल्या मुलींना हॉस्टेल नाही. मागे लिहिलं आहे. रस्त्याने एकवीस होतात. एकवीस लिहिलं असतं तर माझा नंबर तिसरा लागला असता."

"पण ती वाट खरी आहे गं."

"त्या वाटेने आता कोण जातं, तात्या?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. ती आत गेली. विजया उंबऱ्यावर बसली होती, ती तिथेच बसून राहिली. केर काढायचा झाडू मांडीवर आडवा.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू," मी म्हटले.

"तात्या, मार ऐकू येतो ना तुम्हाला?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"नाही, आपलं विचारलं. मला वाटायचं तुम्हाला कमी ऐकू येतं. मी मोठ्याने ओरडायची कधीकधी, तुम्हाला ऐकू जावं म्हणून. मग एकदा लक्षात आलं, तुम्ही रेडिओचा आवाज वाढवता."

तिने उठून केर काढला. ओटीचासुद्धा काढला. मला पाय वर घ्यायला सांगितले, तेवढेच.

२९ जून

झोप नाही. सकाळी एकनाथला हाक मारली. शेजारच्या वाडीतला, माझा जुना विद्यार्थी. म्हटले, स्कूटरवर बसव आणि घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत मीटर बघ.

एकवीस किलोमीटर चारशे मीटर.

परत येताना माहीमला चहाला थांबलो. मी त्याला ती वाट दाखवत होतो. इथून खाली उतरलं की खाजण. तो हसला. "तात्या, ती वाट कधीच गेली. अर्धी पाण्यात, अर्धी कोलंबीच्या तळ्यांत. आमी पोरं होतो तवाच कोण जात नव्हता तिथून."

मग कपाकडे बघत म्हणाला, "फॉर्म परत भरताय ते बरं करताय. पोरीला बाहेर काढा."

"तुला काय ठाऊक?"

"आख्ख्या आळीला म्हाईत हाय. गेल्या दिवाळीत तुमच्या सुनेला मीच सफाळ्याला डाक्टरकडं नेलेलं. दोन फासळ्या. डाक्टरला सांगितलं, माडावरनं नारळ पडला."

"मला सांगायचं नाहीस का?"

"तुमाला?" त्याने उजवा हात पुढे केला. करंगळी दुसऱ्या पेरापासून वाकडी. "ही तुमी मोडलेली, तात्या. पाचवीला. कडव्यातली तिसरी ओळ येत नव्हती. घरी गेलो तर बानं आनखी दोन दिल्या, मास्तरांना चिडवलंस म्हणून. तुमाला मारल्याचं काय सांगायचं?"

असे म्हणून तो पुन्हा हसला. "पण कविता अजून येते हां." आणि चहाच्या टपरीवर, चार माणसांसमोर, त्याने अख्खे कडवे म्हणून दाखवले. तिसऱ्या ओळीला त्याचा हात आपोआप मिटला आणि काखेत गेला. त्याला ते कळलेही नाही.



१ जुलै

हॉस्टेलच्या रेक्टर बाईंना भेटलो. तरुण आहेत, बोलणे नेमके. अंतर दुरुस्त करून लिहून दिले. त्या म्हणाल्या, "आजोबा, यादी बंद झाली. अंतरावर आता काही होणार नाही. एक जागा मी हातात ठेवते. घरी राहणं धोक्याचं असेल अशा मुलीसाठी. पण तसं घरातल्या माणसानं लिहून द्यावं लागतं. काय होतं, कोण करतं. गोलगोल लिहिलेलं चालत नाही."

"तसं काही नाही," असे माझ्या तोंडून निघून गेले.

"शुक्रवारपर्यंत थांबते," म्हणाल्या.

घरी येऊन मसुदा केला. 'घरातील वातावरण अध्ययनास अनुकूल नाही.' खोडला. 'वडिलांचा स्वभाव किंचित तापट असून.' खोडला. वेलांट्या उकार मात्र सुरेख आले आहेत.

३ जुलै

आज आत गेलो.

मी कॉलेजात जाऊन आलो, हे केदारला गाडीत कुणीतरी सांगितले. साडेचारला दार लागले. मी रेडिओला हात लावला आणि काढून घेतला. पहिल्या आवाजाबरोबर उठलो. दाराला आतून कडी नव्हती. इतकी वर्षे नुसते लोटलेलेच असायचे.

जे पाहिले ते लिहितो. समिधाची वेणी केदारने मुठीला दोन वेढे देऊन धरली होती. तिचे डोके खाली, गुडघ्यांवर. दुसऱ्या हातात पट्टा, बक्कल बाहेरच्या टोकाला. विजया त्याच्या दंडाला लोंबकळत होती, दातांनी. तिच्या तोंडात रक्त होते, ते त्याचे की तिचे कळत नव्हते. समिधाच्या कानातले ओढले जाऊन पाळी चिरली होती आणि मानेवरून ओघळ पाठीत उतरत होता. ती ओरडत नव्हती. नुसती म्हणत होती. मी घरात राहीन. मी घरात राहीन. सगळ्यात जास्त मला त्या सुराची भीती वाटली. पाठ केल्याचा सूर होता तो.

मी म्हटले, "केदार."

त्याने मान वळवली. घामाने चेहरा निथळत होता. अगदी शांतपणे म्हणाला, "तात्या, ओटीवर जा. रोज बसता तिथं बसा."

आणि मी गेलो. शहात्तर वर्षांचा माणूस, जाऊन बसलो. हेही लिहून ठेवतो.

मागून आणखी सहा आले. मोजले.

४ जुलै

पहाटे पत्र लिहिले. एकटाकी, मसुदा न करता. इथे उतरवून ठेवतो:

'माझा मुलगा केदार हा माझ्या नातीला, समिधाला, आणि तिच्या आईला पट्ट्याने, हाताने व लाथांनी मारतो. काल त्याने समिधाचा कान फाडला. मागील वर्षी सुनेच्या दोन फासळ्या मोडल्या. मी त्याच घरात असतो व मला ऐकू येते. मारण्याची पद्धत त्याने माझ्याकडून घेतली आहे. माझ्या पत्नीस मी मारत असे. तिचा पुढचा दात माझ्या हाताने पडला. तिला घरी ठेवू नये, ही विनंती.'

शेवटच्या वाक्यात 'तिला' म्हणजे समिधाला, हे नंतर वर लिहून स्पष्ट केले.

रेक्टर बाईंनी दोनदा वाचले. अक्षराबद्दल काही बोलल्या नाहीत. सोमवारी सकाळी मुलीला घेऊन या, म्हणाल्या. "आणि तिची आई?"

"आईचंही बघतो," मी म्हटले. पहिल्यांदाच कुणाला तरी असे काही म्हणालो.

७ जुलै

केदार सकाळची पहिली शिफ्ट म्हणून साडेपाचला निघाला. सहाला एकनाथचा टेम्पो दारात. एक ट्रंक, एक गादी, पुस्तके. विजयाला म्हटले, तूही हिच्याबरोबर जा आणि पालघरहून तशीच घिवलीला. तिचा भाऊ शैलेश तिथे अणुवीजकेंद्रात नोकरीला आहे, मी काल त्याच्याशी फोनवर बोललो. तो एवढेच म्हणाला, "तात्या, सात वर्षं उशीर झाला. पाठवा."

"आणि तुम्ही?" विजयाने विचारले.

"मी कुठे जाणार? माझं घर आहे."

"ते विचारतील तुम्हाला."

"विचारू दे."

"तात्या, तुम्हाला सवय नाही," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला खरेच काळजी वाटत होती, स्वयंपाक येत नसलेल्या माणसाची वाटावी तशी.

समिधा टेम्पोत चढण्यापूर्वी माझ्यापुढे उभी राहिली. कानाला पट्टी. मी हात वर केला नाही. तिनेच खाली वाकून पाय शिवले, आणि चटकन मागे झाली.

आता तीन वाजले आहेत. भात लावला आहे. थोडा करपला.

८ जुलै

उजवे मनगट डाव्या हाताने धरून लिहितो आहे. अक्षर वाईट आहे.

केदार काल साडेचारला आला. सगळ्या खोल्यांतून फिरला. मग ओटीवर येऊन विचारले, "कुठं हायत दोघी?"

मी गप्प.

समिधाचे त्याला कॉलेजातून कळेलच, पण तिथे फाटक आहे. विजयाचे कळता कामा नये, निदान शैलेश तिला घेऊन पोलिसांत जाऊन येईपर्यंत. ते आज सकाळी जाणार होते. म्हणजे एक रात्र.

"तात्या, सांगा."

मी गप्प.

पहिली थोबाडीत बसली तेव्हा चष्मा अंगणात गेला. त्याने तो उचलून आणला, पुसला, मला परत घातला. मग म्हणाला, "सांगा. कुठं हाय विजया?" दुसरी त्याच गालावर. तिसऱ्या वेळी त्याने पट्टा काढला. खुर्चीसकट पडलो. मनगटावर पडलो, ते मोडले असावे. तो वर उभा होता, धापा टाकत, आणि मला खालून त्याचा चेहरा दिसत होता. तो रडत होता. हात थांबत नव्हता आणि रडत होता. "बोला ना तात्या. एवढं काय हाय? एक नाव घ्यायचंय."

लय वगैरे काही नव्हती. मार अंगावर पडतो तेव्हा लय नसते. पुढचा कधी येईल एवढेच असते. शहात्तर वर्षांत हे मला ठाऊक नव्हते.

अकरा झाल्या. मी नाव घेतले नाही. तो पट्टा टाकून वाडीत निघून गेला.

आता दुपारचे बारा वाजले आहेत. एकनाथ येऊन सांगून गेला, विजयाने तक्रार लिहून दिली. पोलीस साहेब चार वाजता येणार आहेत, तेव्हा माझाही जबाब घेतील. मी सगळे सांगणार आहे, पहिल्या बेचाळीस छड्यांपासून.

रात्रभर पडल्या पडल्या एकच दिसत होते. सातवीचा वर्ग, फळ्यापाशी केदार, हात पुढे. सगळी मुले मोजत आहेत. मी म्हणतो आहे, सुरुवातीपासून म्हण, आणि तो माझ्याकडे बघत गप्प उभा आहे. मी समजलो होतो, याला येत नाही म्हणून बोलत नाही. त्या दिवशी त्याला ती सगळी कविता येत होती.